वर्णलेखनाचा जनक : मिखाईल त्स्वेत

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात सूर्यमाळ नावाचे एक उंच व रम्य ठिकाण आहे. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या या गावाच्या सभोवार रान पसरलेले आहे. पावसाळा सुरू झाला, की तेथील साग, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार होऊन जातात. पुढे थंडी सरत आली, की सागाची व ऐनाची पाने पिवळी पडू लागतात आणि अखेर गळून जातात. हा पालट आपण दरवर्षी पाहतो. तरीही एक प्रश्न सहसा आपल्या मनात उभा राहत नाही. पानात हा पिवळा रंग येतो तरी कोठून? तो बाहेरून येतो, की हिरव्या रंगाच्या आड आधीपासूनच दडून बसलेला असतो?

या प्रश्नाचे उत्तर पानातच आहे. हिरव्या पानात एकच रंग नसतो. हिरव्या छटेची दोन द्रव्ये आणि पिवळ्या-नारिंगी छटेची अनेक द्रव्ये तेथे एकत्र नांदत असतात. हिरव्या द्रव्यांचा प्रभाव मोठा असतो, म्हणून पिवळी द्रव्ये आपणास दिसत नाहीत. हिरवी द्रव्ये नाहीशी झाली, की ती प्रकट होतात. ही सारी द्रव्ये परस्परांपासून अलग करून, काचेच्या एका साध्या नळीत रंगीत पट्ट्यांच्या रूपाने प्रथम ज्याने दाखविली, तो शास्त्रज्ञ म्हणजे मिखाईल त्स्वेत. त्याने शोधलेली रीत आज जगातील असंख्य प्रयोगशाळांत वापरली जाते. परंतु तिची थोरवी जगाला पटली, ती त्स्वेतच्या मृत्यूनंतर. त्याची जीवनकथा म्हणजे एकाकी परिश्रमाची आणि अढळ सत्यनिष्ठेची कथा होय.

मिखाईलचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. त्याचे वडील रशियन व आई इटालियन होती. वडील रशियाच्या सरकारी सेवेत अधिकारी होते. पतिपत्नी प्रवासात असतानाच वाटेत हे मूल जन्मले. दुर्दैव असे, की बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आईचा अंत झाला. वडिलांना कामासाठी रशियात परतणे भाग होते. नाजूक प्रकृतीच्या त्या तान्ह्या बाळाला त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी एका दाईच्या स्वाधीन केले. अशा रीतीने ज्या देशाचा तो नागरिक, त्या देशापासून दूर, आईच्या मायेला पारखा होऊन मिखाईल वाढला. त्याचे बालपण लोझान व जिनीव्हा या शहरांत गेले.

१८९१ साली मिखाईलने जिनीव्हाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र या तिन्ही विषयांचा त्याने अभ्यास केला. पुढे ही त्रिविध विद्याच त्याच्या उपयोगी पडली. सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींच्या पेशी न्याहाळण्यात तो तासन्‌तास रमून जाई. पेशीतील हिरवे कण सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, हे त्या काळी माहीत झाले होते; पण त्या कणांत नेमकी कोणती रंगद्रव्ये आहेत, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. हे गूढ उकलण्याचा ध्यास त्याने घेतला. १८९६ साली त्याला जिनीव्हा विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली.

त्याच वर्षी तो आपल्या वडिलांच्या देशी, रशियात गेला. तेथे एक मोठी अडचण त्याची वाट पाहत होती. रशियातील विद्यापीठे परदेशी पदवी मानीत नसत. जिनीव्हाचा हा डॉक्टर रशियाच्या दृष्टीने जणू पदवी नसलेलाच ठरला! दुसरा एखादा तरुण असता, तर निराश होऊन परत फिरला असता. त्स्वेतने मात्र पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावयाचे ठरविले. सेंट पीटर्सबर्ग येथे राहून त्याने नव्याने संशोधन केले, नवा प्रबंध लिहिला आणि १९०१ साली कझान विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यानंतर १९०२ मध्ये तो वॉर्सा येथील विद्यापीठात साहाय्यक म्हणून रुजू झाला. पोलंडची ही राजधानी तेव्हा रशियाच्या साम्राज्यात मोडत होती.

आता त्स्वेतच्या विचाराची दिशा नीट समजून घेऊ. कारण त्याच्या शोधाचे खरे रहस्य त्या विचारातच आहे.

पेट्रोलियम ईथर नावाचा एक पातळ द्रव आहे. पानातून एकदा बाहेर काढलेली हिरवी द्रव्ये या द्रवात सहज विरघळतात. परंतु ताजी पाने कुटून त्यात घातली, तर हिरवा रंग पानातच राहतो आणि बहुतेक पिवळा रंग तेवढा उतरतो. त्याच ईथरमध्ये थोडे अल्कोहोल मिसळले, तर हिरवे-पिवळे सर्व रंग भराभर उतरू लागतात. असे का व्हावे? अल्कोहोलमुळे रंगद्रव्यांचे स्वरूपच बदलत असावे, असा पुष्कळांचा समज होता. त्स्वेतला तो पटेना. त्याने निराळा तर्क केला. रंगद्रव्ये पानातील सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेली असावीत. कोणाची पकड सैल, तर कोणाची घट्ट असावी. आणि अल्कोहोल ही पकड सोडवीत असावे.

तर्क करणे सोपे असते. तो कसोटीला लावणे कठीण. त्स्वेतने एक सुंदर प्रयोग योजिला. पानातून काढलेल्या रंगद्रव्यांच्या द्रावणात त्याने गाळणकागद भिजविला आणि तो वाळविला. नंतर तो रंगीत कागद पेट्रोलियम ईथरमध्ये बुडविला. काय आश्चर्य! पानाच्या बाबतीत जे घडत होते, तेच कागदाच्या बाबतीतही घडले. पिवळा रंग उतरला व हिरवा तसाच राहिला. अल्कोहोलचा अंश मिसळताच तोही सुटला. कागदात तर पानाची सजीव पेशी नव्हती. म्हणजे रंगद्रव्यांचे स्वरूप बदलत नव्हते. ती केवळ पृष्ठभागाला चिकटत होती आणि सुटत होती. एखाद्या पदार्थाने दुसऱ्या पदार्थाला आपल्या पृष्ठभागावर असे धरून ठेवणे, यास अधिशोषण म्हणतात.

येथून पुढची पायरी त्याच्या प्रतिभेची होती. प्रत्येक द्रव्याची पकड जर निरनिराळी असेल, तर तिचाच उपयोग करून ती द्रव्ये वेगळी का करू नयेत? मग त्याने शंभराहून अधिक पदार्थांच्या भुकट्या घेऊन पाहिल्या. कोणती भुकटी कोणत्या रंगाला किती घट्ट धरते, याची तो बारकाईने नोंद करीत गेला. त्यांतली एक, कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे स्वच्छ खडूची भुकटी, त्याच्या कामास विशेष उपयोगी पडली.

२१ मार्च १९०३ रोजी वॉर्सा येथील निसर्ग-अभ्यासकांच्या सभेत त्स्वेतने आपल्या या नव्या मार्गाची माहिती दिली. पुढे त्याने ही रीत अधिक परिपूर्ण केली. ती अशी होती. काचेची एक अरुंद नळी घ्यावयाची. तिच्यात खडूची बारीक भुकटी दाबून एकसारखी भरावयाची. पानातील रंगद्रव्यांचे थोडे द्रावण वरून ओतावयाचे आणि त्यामागून स्वच्छ द्रव सोडावयाचा. हा द्रव खाली झिरपू लागला, की रंगद्रव्येही त्याच्याबरोबर खाली उतरू लागतात. पण सारी सारख्या वेगाने उतरत नाहीत. ज्यांची पकड घट्ट, ती वरच रेंगाळतात; ज्यांची सैल, ती पुढे निघून जातात. हळूहळू त्या पांढऱ्या भुकटीत रंगांचे निरनिराळे पट्टे उमटू लागतात. पिवळसर हिरवा पट्टा वर राहतो, त्याखाली निळसर हिरवा दिसतो, पिवळे पट्टे आपापली जागा घेतात आणि गाजराला रंग देणारे कॅरोटीन सर्वांच्या आधी तळाशी पोहोचते. शेवटी ओली भुकटी नळीतून अखंड बाहेर सरकवावयाची, चाकूने एकेक पट्टा कापून घ्यावयाचा आणि त्यातले द्रव्य अल्कोहोलमध्ये उतरवून घ्यावयाचे. पदार्थ तापविला नाही, जाळला नाही, तीव्र आम्लात घातला नाही. तरीही त्याचे घटक एकमेकांपासून शुद्ध स्वरूपात वेगळे झाले.

हे कसे घडते, हे एका दृष्टान्ताने ध्यानात येईल. मोखाड्यात बोहाड्याच्या उत्सवाला मोठी गर्दी होते, असे समजा की त्या गर्दीत काही मित्र एकाच वेळी दुकानांच्या रांगेत शिरले. एकाला खेळण्यांची आवड. तो प्रत्येक दुकानापाशी थांबतो. दुसरा केवळ मिठाईच्या दुकानापाशी घुटमळतो. तिसऱ्याला कशाचेच आकर्षण नाही; तो सरळ चालत राहतो. निघताना सारे एकत्र होते. पण रांगेच्या टोकाला ते एकामागून एक, निरनिराळ्या वेळी पोहोचतात. नळीतील भुकटी म्हणजे ती दुकाने, खाली वाहणारा द्रव म्हणजे पुढे सरकणारी गर्दी आणि रंगद्रव्ये म्हणजे ते मित्र होत.

१९०६ साली त्स्वेतने जर्मनीतील वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात दोन लेख प्रसिद्ध केले आणि आपल्या रीतीला क्रोमॅटोग्राफी असे नाव दिले. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग व ग्राफीन म्हणजे लिहिणे. म्हणून मराठीत या रीतीस वर्णलेखन म्हणतात. योगायोग असा, की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचाही अर्थ रंग असाच आहे! त्याच लेखनात त्याने आणखी एक दूरदृष्टीचा विचार मांडला. ही रीत रंगीत पदार्थांपुरतीच नाही. रंगहीन पदार्थही याच नियमाने वेगळे होतील, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्या वेळी या विचाराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले नाही, एवढेच नव्हे, तर त्स्वेतला कडवा विरोधही सहन करावा लागला. पोलंडमधील मार्ख्लेव्स्की हा रसायनशास्त्रज्ञ त्याच्यावर सतत टीका करीत राहिला. जर्मनीतील रिचर्ड विल्स्टेटर याचा दबदबा तर फारच मोठा होता. तो मोठमोठ्या प्रमाणात वाळलेली पाने घेऊन त्यांतील हरितद्रव्य वेगळे काढीत असे. त्स्वेतच्या नळीत मिळणारे द्रव्य मात्र चिमूटभरही नसे. एवढ्याशा द्रव्यावरून काय सिद्ध होणार, असे रसायनशास्त्रज्ञांना वाटे. शिवाय भुकटीला चिकटल्याने द्रव्य बिघडत असावे, अशीही शंका घेतली जाई. त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होता; त्याने रसायनशास्त्राच्या प्रांतात येऊन मोठमोठ्यांच्या चुका दाखवाव्यात, हेही अनेकांना रुचले नाही.

परंतु सत्य कोणाच्या अधिकाराकडे पाहत नाही. पानातून स्फटिकांच्या रूपाने मिळणारे हरितद्रव्य हे मूळचे हरितद्रव्य नसून, काढताना अल्कोहोलमुळे बदललेले द्रव्य आहे, असे त्स्वेतने निर्भयपणे सांगितले होते. पुढे ते खरे ठरले. पानात दोन प्रकारचे हरितद्रव्य असते, हे तर त्याने सर्वांसमोर दाखविलेच होते. १९०७ साली बर्लिन येथे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपल्या रंगीत नळ्या प्रत्यक्ष मांडून दाखविल्या. विल्स्टेटर हाही थोर संशोधक होता आणि वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कार्याबद्दल त्याला १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. मात्र त्याच्यासारख्याने शंका घेतल्यावर त्स्वेतच्या रीतीकडे वळून पाहण्यास इतर शास्त्रज्ञ कचरले. त्स्वेतच्या नावाची शिफारसही पुढे १९१८ साली नोबेल पारितोषिकासाठी एका डच शास्त्रज्ञाने केली. पण तो मान त्याला लाभला नाही.

या साऱ्या काळात त्स्वेतची राहणी साधी व धडपडीची होती. १९०७ साली हेलेना हिच्याशी त्याचा विवाह झाला. निर्वाहासाठी तो वॉर्सा येथील पशुवैद्यक संस्थेत व नंतर तंत्रविद्यालयात शिकवीत असे. दिवसभर अध्यापन आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्याचा क्रम असे. १९१० साली वनस्पती व प्राणी यांच्यातील रंगद्रव्यांविषयी त्याने एक मोठा ग्रंथ रशियन भाषेत प्रसिद्ध केला. याच प्रबंधाबद्दल त्याला वॉर्सा विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळाली. दुसऱ्या वर्षी रशियाच्या विज्ञान अकादमीने त्या ग्रंथाला पारितोषिक दिले. कॅरोटीनसारख्या पिवळ्या-नारिंगी द्रव्यांच्या समूहाला कॅरोटिनॉइड हे नावही १९११ साली त्यानेच दिले.

थोडे स्थैर्य येत आहे, असे वाटत असतानाच पहिले महायुद्ध भडकले. १९१५ साली जर्मन सैन्य वॉर्सावर चालून आले. तंत्रविद्यालय घाईघाईने मॉस्कोला व तेथून निझ्नी नोव्हगोरोद येथे हलवावे लागले. त्स्वेतची प्रयोगशाळा मागे राहिली. वर्षानुवर्षांच्या कष्टांनी केलेली टिपणे हरपली. त्याची प्रकृती आधीच तोळामासा होती. ती आता ढासळत चालली. १९१७ साली युर्येव येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक व तेथील वनस्पती-उद्यानाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. हे शहर आता टार्टू या नावाने एस्टोनिया देशात आहे. जन्मभर ज्या पदाची त्याने वाट पाहिली, ते पद अखेर मिळाले. पण ते भोगावयास मिळाले नाही. काही महिन्यांतच जर्मन सैन्य तेथेही येऊन ठेपले. विद्यापीठातील रशियन अध्यापकांबरोबर तो १९१८ साली व्होरोनेझ या शहरी गेला. देशात यादवी युद्ध पेटले होते. सर्वत्र अन्नाची टंचाई होती. अशा दिवसांत, २६ जून १९१९ रोजी, घशाच्या जुनाट दुखण्याने त्याचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय अवघे ४७ वर्षांचे होते.

माणूस गेला, पण त्याची रीत अगदीच विसरली गेली नाही. अमेरिकेतील पामर नावाच्या शास्त्रज्ञाने त्स्वेतच्या हयातीतच ती एका घरगुती प्रश्नासाठी वापरली होती. गाईचे लोणी पिवळसर का असते, हा तो प्रश्न. पामर व त्याचे सहकारी यांनी दाखवून दिले, की हा रंग मुख्यतः कॅरोटीनचा असतो आणि ते गाईने खाल्लेल्या हिरव्या चाऱ्यातून दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसते, म्हणून तिचे लोणी पांढरे दिसते. रानातील पानाचा आणि ताटातील लोण्याचा असा निकटचा संबंध वर्णलेखनाने उघड केला.

पुढे १९३१ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून याच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर या तरुणाने त्स्वेतची रीत पुन्हा हाती घेतली. त्स्वेतचा ग्रंथ रशियन भाषेत होता. पण विल्स्टेटरने स्वतःसाठी त्याचे जर्मन भाषांतर करवून घेतले होते. कून हा विल्स्टेटरचा शिष्य. अशा रीतीने शंका घेणाऱ्याच्याच संग्रहातील प्रत नव्या पिढीच्या हाती पडली! गाजरातील कॅरोटीन हा एकच पदार्थ नसून त्यात एकमेकांशी अतिशय साम्य असलेली निराळी द्रव्ये आहेत, हे या रीतीने सिद्ध झाले. त्यानंतर जगभर वर्णलेखनाचा झपाट्याने प्रसार झाला. अशाच द्रव्यांवर काम करणाऱ्या पाउल कारेर याला १९३७ चे आणि कून याला १९३८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्स्वेतच्या त्या दुसऱ्या विचाराकडे वळू. रंगहीन पदार्थही याच रीतीने वेगळे होतील, असे तो म्हणाला होता. तेल, तूप, लोणी यांतील स्निग्ध द्रव्ये असेच रंगहीन पदार्थ आहेत. त्यांस मेद किंवा लिपिड म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाचा मोठा भाग लिपिडांचा असतो. सूर्यमाळच्या परिसरातील शेतकरी खुरासणी पिकवितात. तिचे तेल थंडीतही पातळ राहते. मोहाच्या बियांचे तेल मात्र थंडीत थिजते. दोन्ही तेलेच, मग हा भेद का? कारण तेल हा एकच पदार्थ नसतो. त्यात अनेक लिपिडे मिसळलेली असतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक तेलात निराळे असते. ही लिपिडे रंगहीन असल्यामुळे नळीत पट्टे उमटले, तरी ते डोळ्यांना दिसावयाचे नाहीत. त्यांना ओळखावयाचे कसे?

या कामासाठी दुसरे एक यंत्र साहाय्यास आले. ज्या १९१९ साली त्स्वेतचा मृत्यू झाला, त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज येथे फ्रान्सिस अॅस्टन याने अणूंची वजने अचूकपणे मोजणारे उपकरण तयार केले. त्यापासून पुढे वस्तुमान-वर्णपटमापक, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमीटर विकसित झाला. त्याचे तत्त्व शेतकऱ्याला सहज समजेल. खळ्यावर भात उफणताना वाऱ्याने हलकी फोलपटे दूर उडतात आणि भरीव दाणे जवळ पडतात. या यंत्रात वाऱ्याऐवजी विद्युत्‌शक्ती व चुंबकशक्ती असते. पदार्थाच्या कणांवर विद्युत्‌भार देऊन ते चुंबकाजवळून सोडले, की हलके कण अधिक वळतात व जड कण कमी वळतात. त्यावरून प्रत्येकाचे वजन कळते.

नळीतून वाहत येणारा द्रव आणि हे नाजूक यंत्र यांची जोडणी करणे मात्र फार अवघड होते. या यंत्राच्या पोटात हवाही असून चालत नाही. मग द्रव कसा शिरणार? अनेकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अमेरिकेतील जॉन फेन याने द्रवाचे विद्युत्‌भारित तुषार करून मोठे रेणू न मोडता यंत्रात पोहोचविण्याची युक्ती साधली. त्याबद्दल त्याला २००२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज लिपिडांचे पृथक्करण या जोडयंत्राने केले जाते. आधी नळी घटकांना वेगळे करते. नंतर दुसरे यंत्र एकेकाचे वजन करून त्याची ओळख पटविते. हे वजन किती बारकाईने होते, ते पाहा. स्टिअरिक, ओलेइक व लिनोलेइक ही तीन मेदाम्ले रचनेने जवळजवळ सारखी. त्यांचे रेणुभार अनुक्रमे २८४, २८२ व २८० आहेत. हायड्रोजनच्या केवळ दोन-दोन अणूंचा हा फरक. पण यंत्र तो अचूक सांगते. या तिघांपैकी पहिले घट्ट राहणारे, तर शेवटचे पातळ. खुरासणीच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते, म्हणून ते थिजत नाही. मोहाच्या तेलात स्टिअरिकसारख्या आम्लांचा भाग बराच असतो, म्हणून ते थिजते. तेलातील भेसळ ओळखण्यासाठी आणि रक्ताच्या थेंबातील मेदांचा अभ्यास करून रोगांची कारणे शोधण्यासाठी हीच पद्धत उपयोगी पडते.

या प्रचंड यंत्रांचे मूळ खडूच्या भुकटीने भरलेल्या त्या लहानशा नळीत आहे. त्स्वेतजवळ धन नव्हते, सत्ता नव्हती, स्थिर घरही नव्हते. त्याला एकच पदवी दोन देशांत मिळवावी लागली, युद्धामुळे गावामागून गाव सोडावे लागले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सत्य इतरांना पटवून देता देता आयुष्य सरले. तरीही त्याने प्रयोगाची साक्ष कधी सोडली नाही आणि मोठ्यांचे मत पडते म्हणून आपले निरीक्षण कधी बदलले नाही. व्होरोनेझ येथे त्याच्या स्मरणार्थ आज एक स्मारकशिला उभी आहे. पण त्याचे खरे स्मारक निराळे आहे. जेथे जेथे एखादा अभ्यासक मिश्रणातील एकेक घटक न मोडता, न बिघडविता अलग करतो, तेथे तेथे मिखाईल त्स्वेतचे कार्य अखंड चालू असते.

अभ्यास

१. रशियात गेल्यावर त्स्वेतपुढे कोणती अडचण उभी राहिली? ती त्याने कशी दूर केली?
२. गाळणकागदाच्या प्रयोगावरून त्स्वेतने कोणता निष्कर्ष काढला?
३. नळीतील रंगांचे पट्टे वेगवेगळ्या ठिकाणी का उमटतात? पाठातील दृष्टान्ताच्या आधारे सांगा.
४. त्स्वेतच्या रीतीवर त्या काळच्या शास्त्रज्ञांनी विश्वास का ठेवला नाही?
५. गाईचे लोणी पिवळसर व म्हशीचे लोणी पांढरे का दिसते?
६. 'सत्य कोणाच्या अधिकाराकडे पाहत नाही', या विचारावर आठ-दहा ओळी लिहा.